विचारप्रयोगाचे प्रामाण्य : सापेक्षता आणि पुंज-सिद्धान्त यांतील भासमान विसंगतींची मीमांसा

१

विसाव्या शतकातील पदार्थविज्ञानाची उभारणी ज्या दोन सिद्धान्तांवर झाली, त्यांपैकी एक सापेक्षतेचा व दुसरा पुंजांचा. आपापल्या क्षेत्रात हे दोन्ही सिद्धान्त इतक्या कसोट्यांना उतरले आहेत की, त्यांपैकी कोणत्याही एकाविषयी आज गंभीर संशय घेतला जात नाही. तथापि ते दोन्ही एकाच वस्तूला एकाच वेळी लावू गेल्यास काय होते, या प्रश्नाचे पूर्ण समाधानकारक उत्तर अद्यापि मिळालेले नाही. १९०५ची विशिष्ट सापेक्षता आणि पुंज-सिद्धान्त यांचा मेळ डिरॅक यांच्या १९२८च्या समीकरणापासून पुढे विकसित झालेल्या पुंज-क्षेत्र-सिद्धान्तात बहुतांशी बसला. १९१५ची व्यापक सापेक्षता, म्हणजेच गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त, मात्र या मेळाच्या बाहेर राहिली.

याचे एक कारण प्रत्यक्ष प्रयोगाची दुर्मिळता हे होय. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्यामधील विद्युत्-आकर्षण हे त्यांच्यामधील गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १० चा ३९वा घात इतक्या पटींनी अधिक आहे. ज्या कणांच्या बाबतीत पुंज-नियम स्पष्टपणे दिसतात त्यांचे गुरुत्वाकर्षण मोजता येत नाही, आणि ज्या गोलांचे गुरुत्वाकर्षण मोजता येते त्यांच्या ठिकाणी पुंज-नियम लोपल्यासारखे भासतात. अशा स्थितीत अभ्यासकांनी विचारप्रयोगांचा आश्रय केला, हे स्वाभाविकच आहे. उपकरणे प्रत्यक्ष न उभारता, ती उभारली आहेत असे मानून, मान्य नियमांनुसार पुढे काय घडेल याचा पायरीपायरीने विचार करणे, म्हणजे विचारप्रयोग.

पाठ्यपुस्तकांतून हे विचारप्रयोग बहुधा जयपराजयाच्या कथा म्हणून येतात. अमुक साली आइन्स्टाइन यांनी पेच टाकला, अमुक साली बोर यांनी तो सोडविला, अशी त्यांची मांडणी असते. तीमुळे विद्यार्थ्याच्या मनात दोन भ्रम निर्माण होतात. पहिला असा की, विचारप्रयोगाने निसर्गातील विसंगती उघडकीस येते. दुसरा असा की, विचारप्रयोगाने एखादा सिद्धान्त सिद्ध होतो. या दोन्ही समजुती तपासून घेणे आवश्यक आहे.

या तपासणीस न्यायदर्शनातील एक भेद उपयोगी पडतो. नैयायिकांनी तर्काला प्रमाणांत स्थान दिलेले नाही. प्रमाणाला साहाय्य करणारा, म्हणजे अनुग्राहक, एवढेच त्याचे कार्य मानले आहे. 'अग्नी नसता तर धूरही नसता' हा तर्क अग्नीचे ज्ञान देत नाही, तर अनुमानातील शंका दूर करतो. प्राचीनांना आधुनिक पदार्थविज्ञान ठाऊक होते असा याचा अर्थ मुळीच नव्हे. विचारप्रयोगाचे प्रामाण्य कोणत्या जातीचे आहे, हे स्पष्ट करण्यास हा भेद सोयीचा आहे, इतकेच. म्हणून प्रत्येक विचारप्रयोगास तीन प्रश्न विचारणे इष्ट ठरते. त्यात न सांगितलेली गृहीतके कोणती? ज्या नियमांनी निरीक्ष्य वस्तू बांधलेली आहे, त्याच नियमांनी उपकरणही बांधलेले आहे काय? आणि निष्कर्ष नेमका कोणता आहे : 'मोजता येत नाही' हा, 'सुसंगत नाही' हा, की 'अस्तित्वात नाही' हा?

२

पहिले उदाहरण सर्वपरिचित आहे. १९३० साली ब्रुसेल्स येथे भरलेल्या सहाव्या सॉल्व्हे परिषदेत आइन्स्टाइन यांनी प्रकाशाने भरलेल्या पेटीची कल्पना मांडली. पेटीत एक घड्याळ आहे. ठरल्या क्षणी ते एक झडप किंचित्काल उघडते आणि एक प्रकाशकण बाहेर पडतो. पेटीचे वजन आधी व नंतर केले की, ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग, या संबंधावरून प्रकाशकणाची ऊर्जा कळते. आणि झडप केव्हा उघडली हे घड्याळावरून कळते. ऊर्जा व काल ही दोन्ही हवी तितकी अचूक मिळाल्यावर त्यांच्यामधील अनिश्चिततेचे तत्त्व कोसळते, असा हा पूर्वपक्ष.

बोर यांचे उत्तर असे की, पेटी स्प्रिंगला टांगून तिचे वजन करावयाचे तर तिच्या काट्याचे स्थान वाचले पाहिजे. ते स्थान जितके अचूक वाचावे तितका पेटीचा संवेग अनिश्चित होतो. पेटी गुरुत्वक्षेत्रात किंचित वर किंवा खाली सरकली की, सापेक्षतेनुसार तिच्यातील घड्याळाची गती बदलते. वजन करण्यास लागणाऱ्या काळात घड्याळात पडणारा हा फरक हिशेबात घेतला म्हणजे ऊर्जा व काल यांच्या अनिश्चिततांचा गुणाकार पुन्हा प्लांक-स्थिरांकाइतका ठरतो. आइन्स्टाइन आपलाच सिद्धान्त विसरले, अशी या प्रसंगाची लोकप्रिय कथा आहे.

या कथेत दोन उणिवा आहेत. पहिली ऐतिहासिक आहे. या संवादाचे जे सविस्तर वर्णन प्रचारात आहे, ते बोर यांनी १९४९ साली, म्हणजे एकोणीस वर्षांनंतर लिहिले. उलट, एरेनफेस्ट यांनी बोर यांना १९३१ साली पाठविलेल्या पत्रावरून असे दिसते की, त्या सुमारास आइन्स्टाइन यांचा रोख अनिश्चिततेच्या तत्त्वावर उरलेला नव्हता. प्रकाशकण दूर निघून गेल्यावर निरीक्षकाने घड्याळ पाहावे की पेटी तोलावी हे ठरविले, तर त्या निवडीचा दूरच्या कणाशी काय संबंध, हा त्यांचा प्रश्न होता. तोच प्रश्न पुढे १९३५च्या निबंधात आला. पेटीच्या कथेतील पराभूत पक्ष हा पुढील वादाचा आरंभक होता, ही गोष्ट जयपराजयाच्या मांडणीत झाकली जाते.

दुसरी उणीव तार्किक आहे. पुंज-सिद्धान्ताच्या सुसंगतीसाठी गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त लागत असेल, तर गुरुत्वाचा विचारही न करणारा मूळचा पुंज-सिद्धान्त विसंगत होता असे म्हणावे लागेल. आणि हे तर कोणासही मान्य होणार नाही. या अडचणीचा उलगडा गृहीतकांकडे पाहिल्यावर होतो. ऊर्जेला वजन असते, हे आइन्स्टाइन यांच्या मांडणीतच गृहीत होते. ऊर्जेला वजन असेल आणि ऊर्जा अक्षय्य असेल, तर निरनिराळ्या उंचीवरील घड्याळे निरनिराळ्या गतीने चालली पाहिजेत. ही गोष्ट खुद्द आइन्स्टाइन यांनीच १९११ साली दाखविली होती. तेव्हा बोर यांनी बाहेरून काही आणले नाही. पूर्वपक्षाने जे एका हाताने घेतले होते, त्याचे मोल दुसऱ्या हाताने भरावयास लावले. ऊर्जा गुरुत्वाच्या साहाय्याने न मोजता अन्य साधनाने मोजली, तर त्यांचे हे उत्तर जसेच्या तसे लागू पडत नाही. तेथे अनिश्चिततेचा मार्ग नव्याने शोधावा लागतो. सारांश, या विचारप्रयोगाने अनिश्चिततेचे तत्त्व सिद्ध झाले नाही. गृहीतके पूर्णपणे मांडली असता एक आक्षेप टिकत नाही, एवढेच दिसून आले.

घड्याळांविषयीचे विधान मात्र पुढे प्रत्यक्ष प्रमाणाने सिद्ध झाले. १९६० साली पाउंड आणि रेब्का यांनी २२.५ मीटर उंचीच्या मनोऱ्यात हा परिणाम मोजला. २०१० साली तो ३३ सेंटिमीटर इतक्या उंचीच्या फरकावर, तर २०२२ साली एका मिलिमीटरच्या अणुसमूहात दिसून आला. तर्काने दाखविलेली वाट प्रमाणाने पूर्ण झाल्याचे हे उत्तम उदाहरण होय.

३

आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांचा १९३५चा निबंध विशिष्ट सापेक्षतेशी निगडित आहे. त्याचे स्वरूप जवळच्या भूगोलावरून समजून घेता येईल. वर्धा हे रेल्वेचे जंक्शन आहे. तेथून मुंबईच्या मार्गावर पुलगाव लागते आणि बल्लारपूरच्या मार्गावर हिंगणघाट. वर्ध्यास एकाच उगमातून निघालेल्या दोन कणांपैकी एक पुलगावास आणि दुसरा हिंगणघाटास पोहोचला, अशी कल्पना करावी. ही दोन गावे सरळ रेषेत एकमेकांपासून साठ किलोमीटरांहून थोडी कमी अंतरावर आहेत. प्रकाशाला हे अंतर तोडण्यास एका सेकंदाचा सुमारे पाच हजारावा भाग लागतो. त्याहून कमी अवधीत दोन्ही ठिकाणी मापन उरकले, तर एका ठिकाणची वार्ता दुसऱ्या ठिकाणी वेळेत पोहोचू शकत नाही.

हे दोन लखोट्यांचे प्रकरण असते, एकात तांबडा व दुसऱ्यात पांढरा कागद असता, तर काहीच गूढ नव्हते. पुलगावचा लखोटा फोडून तांबडा कागद निघाला की, हिंगणघाटचा पांढरा, हे तत्क्षणी कळते. पण तो तेथे आधीपासूनच पांढरा होता. १९३५च्या निबंधाचा आशय असा की, कणांच्या बाबतीतही असेच असले पाहिजे, आणि पुंज-सिद्धान्त कागदाचा रंग आधीपासून सांगत नसेल, तर तो अपुरा आहे. यातील न सांगितलेले गृहीतक १९६४ साली जॉन बेल यांनी उघड केले. प्रत्येक ठिकाणी कणाला एकाहून अधिक प्रश्न विचारता येत असतील, उत्तरे आधीच ठरलेली असतील आणि एका ठिकाणची निवड दुसऱ्या ठिकाणच्या उत्तरावर परिणाम करीत नसेल, तर उत्तरांमधील परस्परसंबंधास एक मर्यादा पडते. क्लाउझर व त्यांचे सहकारी यांनी १९६९ साली दिलेल्या रूपात ही मर्यादा २ आहे. पुंज-सिद्धान्तानुसार ती राशी सुमारे २.८३ पर्यंत जाऊ शकते. प्रत्यक्ष प्रयोगांनी निर्णय पुंज-सिद्धान्ताच्या बाजूने दिला. अस्पे यांचे १९८२चे प्रयोग आणि २०१५ साली मुख्य पळवाटा एकत्र बंद करून झालेले प्रयोग ही त्यांतील प्रमुख होत. २०२२चे नोबेल पारितोषिक याच कार्यासाठी अस्पे, क्लाउझर आणि त्साइलिंगर यांना मिळाले.

यावर सापेक्षतेच्या बाजूने शंका येते ती अशी. पुलगावच्या मापनाने हिंगणघाटच्या कणाची अवस्था 'त्याच क्षणी' ठरते असे म्हटले, तर तो क्षण कोणाचा? धावत्या गाडीतील निरीक्षकाच्या दृष्टीने, तिची दिशा व वेग अनुकूल असल्यास, हिंगणघाटचे मापनच आधी झालेले असेल. दोन्ही निरीक्षक समान अधिकाराचे आहेत. याचे प्रचलित उत्तर असे की, हिशेब कोणत्याही क्रमाने केला तरी दोन्ही ठिकाणच्या नोंदींची संभाव्यता एकच येते, आणि हिंगणघाटची नोंदवही एकटीच पाहिली तर पुलगावी कोणता प्रश्न विचारला गेला हे तीवरून कधीही कळत नाही. संदेश जात नाही. म्हणून सापेक्षतेचा भंग होत नाही.

या उत्तराने व्यवहारापुरते समाधान होते. पण बेल यांनी स्वतः ते पुरेसे मानले नाही. 'संदेश' ही कल्पना माणसाच्या हेतूशी व सामर्थ्याशी निगडित आहे, मूलभूत सिद्धान्ताचा पाया म्हणून ती संदिग्ध आहे, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप आजही निर्णायकपणे निकालात निघालेला नाही. विद्यार्थ्याने म्हणून येथे दोन विधाने वेगळी ठेवावीत. पुंज-सिद्धान्त आणि विशिष्ट सापेक्षता यांच्या भाकितांत विरोध नाही, हे पहिले. आणि त्या भाकितांच्या मागील वस्तुस्थितीचे उभयमान्य वर्णन उपलब्ध आहे, हे दुसरे. पहिले सिद्ध आहे, दुसरे नाही.

चुकीच्या विचारप्रयोगाचीही उपयुक्तता येथे पाहण्यासारखी आहे. १९८२ साली निक हर्बर्ट यांनी प्रकाशाहून वेगाने संदेश पाठविण्याची एक योजना प्रसिद्ध केली. हिंगणघाटास आलेल्या कणाच्या अनेक हुबेहूब प्रती काढाव्यात आणि त्या तपासून पुलगावी कोणता प्रश्न विचारला गेला ते ओळखावे, असे तिचे सार सांगता येईल. योजना सदोष आहे हे उघड होते. दोष कोठे आहे ते सांगणे कठीण होते. त्याच वर्षी वूटर्स व झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी, दाखवून दिले की, अज्ञात पुंज-अवस्थेची हुबेहूब प्रत काढणे पुंज-नियमांनुसारच अशक्य आहे. हर्बर्ट यांनी उपकरणाला पुंज-नियमांतून सूट दिली होती. दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्याने झालेल्या या चुकीतून एक महत्त्वाचा सिद्धान्त निघाला, आणि गुप्तलेखनाच्या नव्या पद्धतींची सुरक्षितता आज त्यावर आधारलेली आहे.

४

व्यापक सापेक्षतेकडे वळल्यावर विचारप्रयोगांवरील भार वाढतो, कारण तेथे बेल यांच्यासारखी प्रत्यक्ष कसोटी हाताशी नसते. गुरुत्वक्षेत्र हेही पुंजरूप असलेच पाहिजे काय, हा येथील मुख्य प्रश्न. एप्ली आणि हॅना यांनी १९७७ साली याचे उत्तर 'होय' असे देणारा एक विचारप्रयोग मांडला. समजा, गुरुत्वतरंग पुंजरूप नाहीत. मग त्यांची तरंगलांबी हवी तितकी आखूड व संवेग हवा तितका अल्प ठेवता येईल. असा तरंग एखाद्या पुंज-कणावर सोडला आणि त्यामुळे कणाची अवस्था संकोच पावली, तर संवेगाची अक्षय्यता किंवा अनिश्चिततेचे तत्त्व यांपैकी एक सोडावे लागेल. अवस्था संकोच पावली नाही, तर तिला धक्का न लावता ती दुरून वाचता येईल, आणि मग पुलगाव-हिंगणघाट यांच्यामध्ये प्रकाशाहून वेगाने संदेश जाऊ लागेल. म्हणून गुरुत्व पुंजरूपच मानले पाहिजे.

ही उभयतःपाशाची युक्ती प्रथमदर्शनी अभेद्य वाटते. परंतु तिन्ही प्रश्न विचारले असता ती टिकत नाही. पुंज-अवस्थेचा संकोच हा भौतिक व्यापार आहे की नाही, याविषयी विविध मते असताना त्यांपैकी एक येथे निमूटपणे गृहीत धरले आहे. त्याहून मोठा दोष उपकरणाचा आहे. मॅटिंगली यांनी २००६ साली हिशेब करून दाखविले की, इतक्या सूक्ष्म गुरुत्वतरंगांचे ग्रहण करणारे यंत्र आवश्यक त्या आकाराचे व वस्तुमानाचे बांधले, तर ते स्वतःच्याच कृष्णविवरात गडप होईल. ज्या व्यापक सापेक्षतेच्या नावाने प्रयोग मांडला, तिचे नियम उपकरणाला लावलेच नव्हते. अर्थात युक्ती फसली म्हणून तिचा निष्कर्ष खोटा ठरत नाही. गुरुत्व पुंजरूप असेलही. पण 'असलेच पाहिजे' हे या मार्गाने सिद्ध झालेले नाही.

पेज व गाइल्कर यांचा १९८१चा प्रत्यक्ष प्रयोगही याच संदर्भात उद्धृत केला जातो. किरणोत्सारी उत्सर्जनाच्या मोजणीवरून, म्हणजे पुंज-नियमांनी ठरणाऱ्या यदृच्छेवरून, शिशाचे गोळे एका किंवा दुसऱ्या जागी ठेवावयाचे आणि पिळाच्या तराजूने त्यांचे आकर्षण मोजावयाचे, असा तो प्रयोग. आकर्षण गोळे ज्या जागी होते त्या जागेकडे आढळले, दोन्ही शक्यतांच्या सरासरीकडे नव्हे. पण अवस्थेचा संकोच कधीच होत नाही असे मानणाऱ्यालाच सरासरीची अपेक्षा होती. संकोच मानणाऱ्यास या फलिताने काहीच अडचण येत नाही. त्यातून बाद झाला तो केवळ एक विशिष्ट पर्याय.

५

या परंपरेतील एक महत्त्वाची शाखा महाराष्ट्रातील संशोधनाशी जोडलेली आहे. अवकाशातील लहानांत लहान अंतर किती, हा तिचा विषय. युक्ती अशी : एखादी घटना अतिसूक्ष्म अंतराच्या आत निश्चित करावयाची तर तितक्याच आखूड तरंगलांबीचा प्रकाश वापरला पाहिजे. तरंगलांबी जितकी आखूड तितकी ऊर्जा अधिक, आणि ऊर्जा जितकी अधिक तितके तिचे गुरुत्व अधिक. एका मर्यादेनंतर ही ऊर्जा स्वतःभोवती कृष्णविवर निर्माण करील आणि आतील घटना दृष्टीआड होईल. ही मर्यादा प्लांक-लांबी होय. ती मीटरमध्ये १.६ गुणिले १० चा उणे ३५वा घात इतकी आहे. गुरुत्वक्षेत्राच्या मापनाला अशी काही मूलभूत सीमा असावी, हे रशियात ब्रॉनश्टाइन यांनी १९३६ साली ओळखले होते. मीड यांनी १९६४ साली लांबीच्या मापनाविषयी सविस्तर विवेचन केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना थाणू पद्मनाभन् यांनी १९८५ व १९८७ साली याच प्रश्नावर लिहिले. १९८७च्या निबंधाचा विषय, अवकाश-कालातील घटनेच्या मापनाधिष्ठित व्याख्येला पडणाऱ्या मर्यादा, हाच होता. पुढे ते पुण्याच्या आयुका संस्थेत आले, आणि २०२१ साली पुणे येथेच त्यांचे निधन झाले.

'मापनाधिष्ठित व्याख्या' या शब्दांकडे लक्ष दिले पाहिजे. मापनाला मर्यादा आहे, हा या युक्तीचा निष्कर्ष. अवकाश तुटक आहे, त्याचे कण आहेत, हा तिचा निष्कर्ष नव्हे. सुबोध लेखनात मात्र ही पायरी पुष्कळदा न सांगता ओलांडली जाते, आणि 'मोजता येत नाही' याचे 'अस्तित्वात नाही' असे रूपांतर होते. शिवाय कृष्णविवराचा नियम आणि पुंज-नियम हे दोन्ही ज्या प्रमाणावर तपासले गेले आहेत, त्यापासून कित्येक घात दूर असलेल्या प्रमाणावर ते तसेच लागू पडतात, हेही येथे गृहीतच आहे. युक्ती दिशा दाखविते. पण त्या दिशेला काय आहे ते सांगू शकत नाही.

याच्या शेजारी धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथे जन्मलेले अभय अष्टेकर यांचे कार्य ठेवले म्हणजे भेद स्पष्ट होतो. १९८६ साली त्यांनी व्यापक सापेक्षतेची नव्या चलांत पुनर्मांडणी केली. तीवर उभ्या राहिलेल्या सिद्धान्तात १९९०च्या दशकात असे आढळून आले की, क्षेत्रफळाला हवे ते मूल्य घेता येत नाही, ठराविक मूल्येच घेता येतात. येथे तुटकपणा हा मापनाच्या अडचणीतून आलेला नसून सिद्धान्ताच्या गणितातून आलेला आहे. तो सिद्धान्त खरा की खोटा हे निराळे. पण 'अस्तित्वात नाही' असे म्हणण्याचा अधिकार अशा सिद्धान्ताला असू शकतो, विचारप्रयोगाला नाही.

यावरही सापेक्षतेच्या बाजूने एक विचारप्रयोग मांडला गेला. लहानांत लहान मूल्य एका निरीक्षकास दिसले, तर धावत्या निरीक्षकास ते सापेक्षतेच्या आकुंचनामुळे आणखी लहान दिसेल. मग लहानांत लहान असे काही उरतच नाही. रोव्हेली व स्पेझियाले यांनी २००३ साली याला उत्तर दिले. कोनीय संवेगाचा घटकही पुंज-सिद्धान्तात ठराविक मूल्येच घेतो. पण म्हणून वळून उभ्या राहिलेल्या निरीक्षकास अधली मूल्ये दिसत नाहीत. त्यालाही तीच मूल्ये दिसतात, केवळ त्यांच्या संभाव्यता बदलतात. क्षेत्रफळाचेही तसेच होईल. आक्षेपकाने पुंज-राशीला अभिजात राशीसारखे वागविले, हे येथील न सांगितलेले गृहीतक. २००९ साली फर्मी दुर्बिणीने सुमारे सात अब्ज वर्षे प्रवास करून आलेले गॅमा-किरण टिपले. त्यांतील भिन्न ऊर्जेच्या किरणांच्या आगमनावरून, प्रकाशाचा वेग ऊर्जेनुसार बदलतो असे मानणाऱ्या काही सोप्या कल्पनांवर कडक बंधन पडले. निर्णायक शब्द येथेही प्रत्यक्षाचाच होता.

६

तिन्ही कसोट्यांना बऱ्याच अंशी उतरणारा एक विचारप्रयोग २०१८ साली बेलेन्किया, वाल्ड आदी संशोधकांनी तपासला. पुलगावी एक जड वस्तू एकाच वेळी दोन जागी असल्याच्या पुंज-अवस्थेत ठेवली आहे, आणि हिंगणघाटास एक निरीक्षक आपला कण मोकळा सोडून तो कोणीकडे ओढला जातो यावरून वस्तू कोठे आहे हे ओळखू पाहतो. त्याला हे वेळेच्या आत कळले, तर पुलगावची पुंज-अवस्था दुरूनच भंगेल आणि संदेश प्रकाशाहून वेगाने जाईल. भंगली नाही, तर पूरकतेचे तत्त्व सुटेल. या लेखकांनी उपकरणांना कोणतीही सूट दिली नाही. हिंगणघाटच्या कणाचे स्थान प्लांक-लांबीहून अचूक कळत नाही हे त्यांनी एका बाजूस धरले. पुलगावच्या अवस्था घाईने एकत्र आणल्यास गुरुत्वतरंगांचे पुंज बाहेर पडून त्या आपोआप भंगतात, हे दुसऱ्या बाजूस धरले. दोन्ही हिशेब मांडल्यावर विसंगती नाहीशी होते. लक्षणीय गोष्ट ही की, गुरुत्वक्षेत्राला पुंज-नियम लावल्यानेच हा मेळ बसतो. तेव्हा गुरुत्व पुंजरूप मानल्यास विसंगती राहत नाही, असे या प्रयोगाने दाखविले. अन्य कोणत्याही मार्गाने ती जाणारच नाही, असे मात्र दाखविलेले नाही.

उपकरणाला सूट नाही, हा नियम आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही. अमेरिकेतील लायगो वेधशाळेतील ४० किलोग्रॅमचे आरसे आणि त्यांवर पडणारा प्रकाश यांच्यामधील पुंज-संबंध २०२० साली मापनात दिसून आले. त्याच जातीची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथनजीक उभारण्यास २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. गुरुत्वतरंग मोजणारे यंत्र पुंज-नियमांच्या कक्षेत येते, हा बोर यांच्या पेटीतील काट्याचाच धडा आहे.

फाइनमन यांनी १९५७ साली चॅपेल हिल येथील परिषदेत असा प्रश्न विचारला होता की, दोन जागी असलेल्या वस्तूचे गुरुत्वक्षेत्रही दोन प्रकारचे असेल काय. त्या प्रश्नाला २०१७ साली सौगत बोस व त्यांचे सहकारी यांनी, तसेच मार्लेट्टो व वेड्रल यांनी, प्रत्यक्ष प्रयोगाचे रूप सुचविले. बोस यांच्या योजनेत किलोग्रॅमच्या १० चा उणे १४वा घात इतक्या वस्तुमानाचे दोन स्फटिक काही सेकंद पुंज-अवस्थेत ठेवून, केवळ गुरुत्वाकर्षणाने त्यांच्यात पुंज-संबंध निर्माण होतो काय, हे पाहावयाचे आहे. असा प्रयोग अद्याप झालेला नाही. आणि झाल्यावर त्याचा अर्थ कोणता लावावा, याविषयीही मतभेद आहेत. तरी प्रश्न तर्काच्या कक्षेतून प्रमाणाच्या कक्षेकडे सरकला आहे, ही मोठीच प्रगती होय.

७

या सर्व उदाहरणांतून एक गोष्ट निष्पन्न होते. सापेक्षता व पुंज-सिद्धान्त यांच्यामध्ये विचारप्रयोगांनी दाखविलेली प्रत्येक विसंगती आजवर मांडणीतील एखाद्या उणिवेपर्यंत येऊन थांबली आहे. कधी ती अपुऱ्या गृहीतकांची होती, कधी उपकरणाला दिलेल्या सवलतीची, कधी निष्कर्षाच्या अतिव्याप्तीची. आपल्या साहित्यशास्त्रात विरोधाभास या अलंकाराचे लक्षण सांगितले आहे की, त्यातील विरोध अर्थ नीट लावला म्हणजे मावळतो. हे विचारप्रयोग त्याच कोटीतील आहेत. मात्र विरोध मावळला म्हणून समन्वय झाला असे होत नाही. दोन सिद्धान्तांमध्ये भांडण नाही असे दाखविणे आणि दोहोंना सामावून घेणारा तिसरा सिद्धान्त देणे, ही दोन निराळी कार्ये आहेत. दुसरे अद्याप व्हावयाचे आहे.

म्हणून या विषयाच्या अभ्यासकाने विचारप्रयोगाचा अव्हेर करू नये, आणि त्याला प्रमाणाच्या आसनावरही बसवू नये. घड्याळांची गती १९११ साली तर्काने कळली आणि १९६० साली प्रमाणाने निश्चित झाली. या दोन सालांमधील जवळजवळ पन्नास वर्षांचे अंतर हेच तर्क आणि प्रमाण यांच्यामधील अंतराचे माप आहे. गुरुत्वाच्या पुंजरूपतेविषयी आज जे ठामपणे लिहिले व शिकविले जाते, ते अजून पहिल्याच टोकाशी आहे. विद्यार्थ्याने तसे सांगून पुढे जाणे, हेच शास्त्राशी इमान राखणारे ठरेल.